अंदाजराव, मुक्काम पोस्ट कंधार

आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा कंधार परिसरात कुठंही भरल्या, की दोन माणसं संघांच्या आधी मैदानावर हजर असतात. एक फक्की मारणारा आणि दुसरे अंदाजराव. पैकी फक्की मारणाऱ्याला मजुरी मिळते.

अंदाजराव हे कुणा एकाचं नाव नव्हे. बसस्थानकासमोरच्या हरेक हॉटेलात एक बसलेला असतो. कंधारात असे दोन-तीन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. वय पन्नाशीच्या पुढं, खिशात बिनटोपणाचा पेन. तरुणपणी आपणही खेळलो, असं सांगतात. कोणत्या साली आणि कोणत्या संघातून, हे दर खेपेला बदलतं. दुखणारा गुडघा मात्र कायम डावाच. परभणीच्या पंजाब डखांनी पाऊस घेतला, भेंडवळच्या घटमांडणीनं पीकपाणी घेतलं. कबड्डीचं खातं तेवढं रिकामं होतं, ते यांनी सांभाळलं.

त्यांचा खरा सण म्हणजे ड्रॉ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांची महाविद्यालयं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. कुणाची गाठ कुणाशी, हे कागदावर उतरलं की अंदाजराव चष्मा पुसतात. एखाद्या संघाला बाय मिळाली असेल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, तर त्यांचा चेहरा गंभीर होतो. “बाय लई वाईट,” ते म्हणतात. “अंग गरम व्हत नाही.” तोच संघ पुढं जिंकला तर बाय चांगली असते, कारण दम शिल्लक राहतो.

आता हिशेबाला बसायचं तर काम सोपं नाही. सोळा संघांची बाद फेरी धरली तर सामने पंधरा आणि निकालांच्या शक्यता 32,768. अमेरिकेत हाच उद्योग देशभर चालतो. तिथं मार्च महिन्यात आधी कॉलेज बास्केटबॉलच्या विभागवार स्पर्धा होतात, मग 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा, आणि लाखो लोक त्या ड्रॉचा तक्ता घरी बसून भरतात. ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना तेही भरायचे. मुख्य 63 सामन्यांच्या शक्यता मोजल्या तर 9 च्या पुढं अठरा आकडे येतात. 2014 साली वॉरन बफे यांच्या पाठबळावर बिनचूक तक्त्याला शंभर कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं, ते कुणालाच मिळालं नाही. ही हकीकत एका प्राध्यापकानं सांगितली तेव्हा अंदाजरावांनी एवढंच विचारलं, “आपल्याकडून फारम भरता येतो का?”

त्यांची पद्धत आकड्यांची नाहीच. संघ क्रूझरमधून उतरतात तेव्हा ते फाटकाशी उभे असतात. आधी पाय बघायचे. गुडघ्याला जुनं खरचटलेलं असेल तर पोरगं मातीवरचं. बूट नवेकोरे असतील तर मॅटवर घसरणार. यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. मातीवर अनवाणी वाढलेला चढाईपटू मॅटवर बूट घालून उतरला की पाय वळवताना त्याचा तोल जातो, आणि खेड्यांतल्या किती कॉलेजांकडं सरावाला मॅट आहे? एवढ्यावर थांबले असते तर अंदाजराव जाणकार ठरले असते. पण पायांनंतर ते क्रीडा संचालकांच्या पोटाकडं बघतात आणि तिथून शास्त्र बिघडत जातं. “सर हिरमुसलेत. टीए-डीएचा घोळ दिसतो. उदगीर पहिल्याच फेरीत जातंय.”

प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली आणि त्यांची भाषा पालटली. तोवर चढाई, पकड, लोण एवढ्यावर भागत होतं. आता ‘डू ऑर डाय’ आणि ‘सुपर टॅकल’ आल्याशिवाय त्यांना चहा उतरत नाही. पुणेरी पलटणनं 2024 च्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं, ते म्हणे त्यांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. कुणाला, ते विचारायचं नाही. तसं पाहिलं तर 1977 ला भाई केशवराव धोंडगे नांदेडातून लोकसभेवर जाणार, हेही कंधारातल्या हरेक अंदाजरावानं आधीच सांगितलं होतं. त्यातले काही तेव्हा चौथीत होते.

भाकीत करण्याची त्यांची रीत ऐकण्याजोगी आहे. “लातूर निघतंय. फकस्त पयल्या पाच मिन्टात लोण बसू नाही, राइट कॉर्नर टिकावा आन् पंच नीट असावा.” लातूर निघालं तर निघालंच. नाही निघालं तर रात्री हॉटेलात ते शांतपणे विचारतात, “मी काय म्हनलालो सकाळी? कॉर्नर टिकावा म्हनलं का नाही?” म्हणलेलं असतंच. पोरांनी एकदा हट्ट धरला, की लिहून द्या. त्यांनी दिलं. संध्याकाळी चिठ्ठी उघडली तर आत लिहिलेलं, “सामना अटीतटीचा.” निकाल होता 52-19. “मनानं अटीतटीचाच होता,” अंदाजराव म्हणाले.

पैज ते कधी लावत नाहीत, चहाचीसुद्धा. हा त्यांचा एकमेव खबरदारीचा उपाय आणि माझ्या मते त्यांच्या शहाणपणाचा एकमेव पुरावा.

गंमत अशी की खेळणाऱ्या पोरांचं लक्ष करंडकावर कमी आणि निवड चाचणीवर जास्त असतं. हरलेल्या संघातला चढाईपटूही विद्यापीठाच्या संघात निवडला जाऊ शकतो. मग पश्चिम विभागीय स्पर्धेत राजस्थान, गुजरातच्या पोरांशी गाठ, आणि पुढं नशीब असेल तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. कोण निवडलं जाईल, हे त्या पोरांना आपसात बरोबर माहीत असतं. त्यांना कुणी विचारत नाही आणि अंदाजराव या प्रश्नाला हात लावत नाहीत, कारण त्याचा निकाल छापील यादीत लागतो आणि यादीशी हुज्जत घालता येत नाही.

एकदा पोरांच्या उपांत्य सामन्यावर त्यांचं प्रवचन रंगात आलं होतं. शेजारच्या मॅटवर सकाळपासून मुलींचे सामने चालले होते. तिकडं त्यांची पाठ होती. तेवढ्यात घामानं निथळणारी एक मुलगी पाण्याची बाटली भरायला आली.

“काका, आमचं बी सांगा की.”

अंदाजरावांनी चष्म्यावरून तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग बुटांकडं. “कवा हाय तुमचा सामना?”

“झाला की आत्ताच. जिंकलाव आमी.”

“मला ठावंच व्हतं,” अंदाजराव म्हणाले. “समोर कोन व्हतं?”