रिकामा कप्पा

कॅमेऱ्याची बॅग घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "बॉडी किती, लेन्स किती?" खरं तर त्याने विचारायला हवं, "घरात माणसं किती?" कारण कॅमेरा, लेन्सा, चार्जर सगळं बसवून जो एक कप्पा उरतो, त्यावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा असतो. आणि कप्पा उरतोच. पुढेमागे मोठी लेन्स घेऊ म्हणून आपणच तो राखून ठेवलेला असतो.

मुंबईत फोर्टला बोरा बाजारात या बॅगांच्या भिंतीच्या भिंती लागलेल्या असतात. बॅगेचं माप लिटरमध्ये सांगतात. वीस लिटर, तीस लिटर. आता लेन्स काही ओतून भरायची नसते, पण विचारलं तर दुकानदार आपल्याकडे असं बघतो की आपण मुकाट्याने "तीसवाली दाखवा" म्हणतो. पक्षी टिपायची ती दीडशे-सहाशेची झूम एकटीच दोन किलोंच्या घरात जाते. तिच्या शेजारी कॅमेरा, वर रोजची एक लेन्स, त्यात बॅगेचं स्वतःचं वजन. देशातल्या विमानात हातातल्या सामानाला सात किलोंची मुभा असते. त्यामुळे काउंटरवर उभे असलेले आमच्यातले काही लोक भर मे महिन्यात जाकीट घालून घामाघूम दिसतात. जाकिटाच्या दोन्ही खिशांत लेन्सा असतात. जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकायची सोय नाही, लिथियमचं प्रकरण असल्यामुळे ते हातातच ठेवावं लागतं. म्हणजे पँटचे खिसेही गेले.

बॅग पुढून उघडणारी घ्यावी की पाठीकडून, यावर मी मित्रांना तावातावाने भांडताना पाहिलं आहे. मी पाठीकडून उघडणाऱ्या पक्षातला. कारण साधं आहे. पावसात कासच्या पठारावर बॅग खाली ठेवायची वेळ आली, की पुढून उघडणारी बॅग पट्ट्यांच्या बाजूने चिखलात आडवी पडते, आणि मग तोच चिखल आपण पाठीवर घालून साताऱ्यापर्यंत येतो. पाठीकडून उघडणारी पोटावर पालथी पडते, चिखल तिचा तिला. शिवाय गर्दीत मागचा माणूस चेन उघडू शकत नाही. तोटा एकच, चालता चालता आपल्यालाही उघडता येत नाही.

जाणकार सांगतात, कॅमेऱ्याची बॅग कॅमेऱ्याची वाटता कामा नये. कंपनीचं नाव ठळक शिवलेली काळी बॅग म्हणजे चोराला आमंत्रणच. हा विचार जुना आहे. फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर जिम डोमके याने १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी साध्या कॅनव्हासची पिशवी बेतली, ती जगभरच्या बातमीदारांच्या खांद्यावर गेली. इंग्लंडात मार्टिन बिलिंगहॅम तर मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवायचा. पुढे त्याला कळलं की न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्यातच कॅमेरे घालून हिंडतात. आपल्याकडे शबनम होतीच, पण तिच्यात कॅमेरा टाकला की चालताना तो गुडघ्यावर आपटायचा.

वेष पालटण्याचा हा सल्ला परदेशात ठीक असेल. एसटीत तो अंगाशी येतो. बॅग साधी दिसली की लोक तिला साधीच वागणूक देतात. वरच्या फळीवर तिच्यावर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं येतं. सीटखाली ठेवली तर मागचे आजोबा तिच्यावर पाय ठेवून निवांत झोपतात, आणि वयाकडे बघून आपण काही बोलत नाही. "आत कॅमेरा आहे" असं सांगावं, तर बॅग कॅमेऱ्याची न वाटण्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले.

बॅगेचे सगळे गुण दुकानात तपासता येतात, आवाज मात्र जंगलातच कळतो. ताडोबात सकाळची वेळ, जिप्सी थांबलेली, गाईडने बोट वर केलेलं, बांबूच्या आड पट्टे हललेले. अशा वेळी मागच्या सीटवरून कुणीतरी वेल्क्रो उघडतो. चर्रर्र! गाडीतले सगळे आधी वाघाकडे न बघता त्याच्याकडे बघतात. ड्रायव्हर काही बोलत नाही, पण टिपेचा हिशोब त्याने मनात तिथेच केलेला असतो. तेव्हा चेनचीच बॅग घ्यावी, आणि जिप्सीत ती बंदच ठेवावी. उन्हाळ्यात तिथली धूळ चेनच्या दातांतूनही आत शिरते. कॅमेरा मांडीवर आणि त्याच्यावर जुनी उशीची खोळ, यापेक्षा चांगलं संरक्षण मी तरी पाहिलेलं नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं. बॅगेबरोबर रेनकव्हर फुकट येतं, ते समोरचा पाऊस अडवतं आणि पाठीवरून, पट्ट्यांवरून ओघळणारं पाणी बिनबोभाट आत सोडतं. म्हणून बॅगेच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालायची, ती खरी. आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवायचा नाही. जो मऊ फोम प्रवासात धक्के खातो, तोच ओल धरून बसतो, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत लेन्सच्या आत बुरशीची नक्षी उमटायला फार दिवस लागत नाहीत. ती काचेवरचा लेप खाते. नुसतं पुसून जात नाही. त्यावर उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. हजारोंची बॅग माळ्यावर, आणि कॅमेरा डब्यात. असा डबा स्वयंपाकघरातून उचलावा लागतो आणि तो कुणाचा होता हे वर्षभर ऐकावं लागतं, हे दुकानदार सांगत नाही.

पण बॅगेची खरी परीक्षा रत्नागिरीला, आत्याकडे. मे महिना, परतीचा दिवस. बॅग ओटीवर उघडी. आत्याने आत हात घालून फोमची भिंत दाबून पाहिली.

"हे मऊ मऊ काय आहे रे?"

"आत्या, त्याने लेन्स एकमेकींवर आपटत नाहीत."

"म्हणजे ह्यात काही फुटत नाही?"

हो म्हणालो, आणि पुढचं सगळं माझ्या हातात राहिलं नाही. लेन्सच्या मापाने लावलेल्या भिंती आत्याने भराभर उचकटल्या आणि लोणच्याच्या बरणीच्या मापाने लावल्या. शेजारी हापूस, एका कप्प्यात एक, देठ वर करून. खरं सांगायचं तर मला इतक्या नीट त्या भिंती कधीच लावता आल्या नाहीत. मोठी लेन्स बाहेर काढून तिने पंचात गुंडाळली आणि फणसपोळीच्या पिशवीत ठेवली.

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"तो गळ्यात घाल की. गळ्यातच घालायचा असतो ना तो?"

रात्रभर गाडीत मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "फार महाग असेल नाही?" मी मान डोलावली. बरणी सरळ राहावी म्हणून मला झोपही लागत नव्हती.

घरी पोचतो तोच फोन.

"सांडली नाही ना?"

"नाही, आत्या. थेंबसुद्धा नाही."

"मग बॅग चांगली आहे हो. पुढच्या वेळी जरा मोठी घे."