भाडं चालतं, फॉर्म चालत नाही

तीर्थस्वरूप काकांस,


आपली प्रकृती उत्तम असावी. काल आपला आवाज दोन मजले चढून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला, त्यावरून तरी तसंच वाटलं.

प्रथम अभिनंदन. मलावीहून इंजिनियरिंग शिकायला आलेल्या त्या मुलाला सरकारने व्हिसा दिला, विद्यापीठाने प्रवेश दिला, विमानतळावर शिक्का पडला. त्याला बेकायदा ठरवणं एकाही खात्याला जमलं नव्हतं. आपण ते फतेहगंजातल्या एका खोलीच्या जोरावर करून दाखवलंत. भाडं रोख घेतलंत, डिपॉझिट रोख घेतलंत. भाडेकरार मात्र नाही, आणि परदेशी भाडेकरूच्या नोंदीचा फॉर्म तर नाहीच. परदेशी माणूस राहायला आला की तो 24 तासांत भरायचा असतो, आणि मालकाने भरायचा असतो. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातली, म्हणजे एफआरआरओकडची, त्याची नोंदणी अडली, 14 दिवसांची मुदत उलटली, आता दंड आणि खुलासा त्याच्या नावावर. आणि काल आपण जिन्यात उभं राहून त्याला सुनावता, "कागद नसलेल्यांना आम्ही ठेवत नाही!"

धन्य आहे, काका.

"सगळे नायजेरियन सारखेच" हेही ऐकलं. मलावी आणि नायजेरियाच्या मधे अर्धं खंड आहे, असो. तो मला एकदा म्हणाला होता, घरी मी चेवा जमातीचा होतो, लिलाँग्वेचा होतो. आफ्रिकन मी इथे आल्यावर झालो. त्याच्या मांसाहाराबद्दल मी बोलत नाही. रविवारी आपल्या फ्रीजमध्ये पापलेट असतं हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.

पाहुणे आले की आपण त्यांना कमाटीबागेत नेता. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले, हे छाती फुगवून सांगता. पुढचं का सांगत नाही? 1917 मध्ये ते बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी याच शहरात आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात. एक मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मग त्याच बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. त्या आठवणींचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आपण काल म्हणालात, "सोसायटी काय म्हणेल?" शंभर वर्षांत सबबसुद्धा नवी शोधता आली नाही आपल्याला.

तुमची भीती मला कळत नाही असं नाही. फॉर्म ऑनलाइन, मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला, पोलीस म्हटलं की तुमचा घसा कोरडा पडतो. काकू गेल्यापासून एकटे आहात. सोसायटीशी वाकडं घेणं परवडत नाही. पण मग तसं म्हणा ना! "मला हे येत नाही" एवढं बोलला असतात तर मी खाली येऊन भरून दिला असता. घाबरलात तुम्ही, आणि गुन्हेगार तो? ब्रॅम्प्टनच्या घरमालकाने तुमच्या मुलाला "तुम्ही इंडियन लोक असेच" म्हटलं, तेव्हा आमच्या सोफ्यावर बसून रडला होतात तुम्ही. पाणी मी दिलं होतं.

तो आज सामान हलवतोय. नव्या ठिकाणी फॉर्म कोण भरणार, देव जाणे. डिपॉझिट तेवढं परत करा. तो मागणार नाही, लाजतो. मी सोमवारी येते.

आपली,
वरच्या मजल्यावरची