हवा मोजण्याची घरगुती रीत

सर्वप्रथम पुण्यात एक भाचा असावा. पुण्यात नसल्यास मुंबईचा चालेल. हवेचं यंत्र ही स्वतःच्या पैशाने आणायची वस्तू नव्हे. ते कुणीतरी काळजीपोटी पाठवावं लागतं. "मामाजी, तुमच्या खोकल्याचं कारण घरातली हवा असेल," असं म्हणून भाचा ते पाठवतो आणि पाठोपाठ फोनवर ॲप टाकायला लावतो. यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. खोक्यावर सोफा, कुंडी आणि हसरं कुटुंब छापलेलं असतं; म्हणजे ती दिवाणखान्यात ठेवणं अपेक्षित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या नागभीडात हा प्रयोग एका संध्याकाळीच आटोपतो. देवापुढे उदबत्ती लागते, डबी लाल होते आणि घरातून प्रश्न येतो, "देवालेही नापास करते का हे?" याचं उत्तर माहितीपुस्तिकेत नाही. डबी ओसरीवर जाते आणि तिथून बाहेरच्या हवेचं संशोधन सुरू होतं.

संशोधनाची गरज काय, असं विचारणारे भेटतील. त्यांना सांगावं की आपल्या जिल्ह्याचं नाव मोठं आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी आणि जमीन पाहून गुण दिले, त्यात चंद्रपूर 83.88 गुणांनी चौथं आलं. बारावीला कुणी असा देशात चौथा आला असता तर चौकात फलक लागले असते. पण इथे गुण जितके जास्त तितकी दशा वाईट, म्हणून पेढे कुणी वाटले नाहीत. चोवीस तास हवा मोजणारी सरकारी यंत्रं आहेत ती चंद्रपुरात आणि तिथल्या एमआयडीसीच्या भागात. तिथून नागभीड शंभरेक किलोमीटर. मध्ये मूल, सिंदेवाही आणि पुष्कळ जंगल. तरी मोबाइलवर नागभीड लिहिलं की आकडा हजर होतो. हा आकडा उपग्रह आणि गणित यांनी मिळून बांधलेला अंदाज असतो. लग्नाला न जाता पत्रिकेवरून पंगतीचं वर्णन करावं तसा.

आता डबी टांगायची कुठे? या विषयावर आमच्या घरी सहा आठवडे चर्चा चालली, तेव्हा वाचकांनीही घाई करू नये. पहिल्यांदा मी ती अंगणातल्या खांबाला उन्हात टांगली. मे महिना होता. दुपारी डबीने तापमान 54 अंश दाखवलं. ब्रह्मपुरीची वेधशाळा जवळच. तिथला पारा 47 च्या वर गेला की वर्तमानपत्रात बातमी येते. आपण ब्रह्मपुरीला सात अंशांनी हरवलं, या आनंदात मी चार जणांना फोन केले. पाचव्याने विचारलं, "डबी सावलीत होती का?" वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, वारा आत यावा पण ऊन येऊ नये, एवढाच तिचा हेतू. ही पेटी आपल्याला परवडत नाही, पण बुरडाकडची बांबूची टोपली परवडते. तिला चुना फासून डबीवर पालथी बांधावी. ऊन थांबतं, पाऊस अंगावर येत नाही, वारा खेळतो. घरातल्या कोंबडीला ही टोपली आपली वाटू शकते. तेवढ्यासाठी ती डोक्याच्या उंचीवर बांधावी.

परसात आंघोळीच्या पाण्याची चूल असेल तर डबी तिच्यापासून दूर हवी. नाहीतर रोज सकाळी सहाला नागभीडवर संकट आल्याचं दिसतं आणि सातला, सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की, ते टळतं.

डबीच्या पोटात नखाएवढा पंखा असतो. तो हवा ओढतो, हवेतून लेझरचा किरण जातो, कणांवर आपटून उजेड विखुरतो आणि त्या लुकलुकण्यावरून डबी धूलिकण मोजते. मोजायचे ते अडीच मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. एवढ्या सूक्ष्म कामात एकदा आमच्याकडे सलग चार दिवस हवा 'अति खराब' निघाली. भाच्याने काळजीने दिल्लीशी तुलना केली. मी खिडक्या लावून बसलो. पाचव्या दिवशी डबी उघडली तर आत कोळ्याने संसार थाटला होता, आणि किरण त्याच्या जाळ्यातून आरपार जाऊन त्याचीच खानेसुमारी करत होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा डबी उघडून मऊ ब्रशने झाडावी, हा नियम. फुंकर मारू नये. मी मारली होती. तो आकडा इथे देत नाही.

आकडा कसा वाचावा, हा नाजूक भाग आहे. समजा दिवसभराची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आली. भारतीय मोजपट्टीवर ही हवा 'समाधानकारक' या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसते. तीच हवा अमेरिकेच्या मोजपट्टीवर दीडशे ओलांडून 'अपायकारक' होते. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा 15 आहे, तिच्या हिशेबाने आपण चौपट. ॲपमध्ये मोजपट्टी बदलण्याची सोय असते, तिचा विवेकाने वापर करावा: खोकला आला की अमेरिका, मुलीला बघायला पाहुणे आले की भारत.

वीज ही दुसरी अडचण. सरकारी नियमाप्रमाणे दिवसाचा निर्देशांक काढायला किमान 16 तासांच्या नोंदी आणि किमान तीन प्रदूषकं लागतात. आपली डबी मोजते एकच, आणि वीज जाते नेमकी तिन्हीसांजेला. चुली पेटतात, गोठ्यात डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर होतो, चौकातल्या दुकानाचं जनरेटर धडधडू लागतं, आणि आलेखात तेवढीच जागा कोरी राहते. कागदोपत्री नागभीडची संध्याकाळ अत्यंत निर्मळ आहे.

आता डबीचा स्वभाव. धूर तिला चांगला कळतो. मार्चमध्ये मोहफूल वेचायला जागा साफ दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तो कधीकधी पेटवणाऱ्याचं ऐकत नाही आणि वनखात्याची धावपळ होते. अशा पहाटे डबी घरातल्या सगळ्यांआधी उठते. धान चुरून झाल्यावर कुणी बांधीत उरलंसुरलं तणस पेटवलं तरी तिला कळतं. धूळ मात्र तिला ओळखता येत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत मी ती हौसेने शंकरपटाला नेली. बैलजोड्या सुटल्या, धुळीचा लोट उठला, माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, आणि डबी हिरवी: 42! पटाची धूळ जाड असते. नखाएवढ्या पंख्याला ती नीट ओढवत नाही आणि लेझरलाही ती नीट मोजता येत नाही. उलट धुक्यात ती ऊर बडवते. हवेतले कण ओल पिऊन फुगतात, पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात, आणि घोडाझरी तलावाकडून धुकं उतरलेल्या पौषातल्या सकाळी दोनशेचा आकडा लागतो.

म्हणून शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना: डबीची जुळणी करून घ्यावी. शास्त्रात याची रीत ठरलेली आहे. स्वस्त यंत्र एखाद्या खात्रीच्या यंत्राशेजारी काही आठवडे ठेवायचं आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहायच्या. खात्रीची यंत्रं चंद्रपुरात, हे वर आलंच. मी ती सोय शेजारच्या आबाजींवर भागवली. वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी ओसरीवर चहाला येतात. चहाआधी त्यांनी एकदा श्वास ओढून निदान करायचं, मी वहीत लिहायचं, मग डबी पाहायची.

"गिरनीवाल्यानं कोंडा पेटवला जी," आबाजी म्हणतात. डबी: 96. "डोंगरीकडं मोहाखाली पाला जरते." डबी: 148. धुक्याच्या सकाळी डबी 204 वर गेली तेव्हा त्यांनी नाक वर करून पुन्हा एकदा श्वास घेतला. "पानी होय हे. तुमची डबी भेली." त्या दिवशी वहीत मी 204 वर काट मारून 'पाणी' असं लिहिलं. आतापर्यंत डबीने सात वेळा चूक केली. पैकी पाच धुक्याच्या, एक पटाची, एक कोळ्याची. आबाजींची एकच, तीही म्हशीच्या बाबतीत.

मात्र या संदर्भयंत्रातही एक दोष आहे. निदान झाल्याबरोबर ते बिडी शिलगावतात. पानं आपल्याच जंगलातल्या तेंदूची, धूर मात्र थेट टोपलीत. पहिल्या दिवशी डबी 310 वर पोचली, आणि आबाजींनी आपण काय म्हणालो होतो ते विसरून "पाहा, म्हनलो होतो ना" असं म्हटलं. तेव्हापासून त्यांची खुर्ची डबीपासून आठ हात लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असते. वाऱ्याची बाजू बदलली की खुर्चीही बदलावी लागते. हे काम नातवाकडे दिलं आहे, आणि तो त्याचे रोज पाच रुपये घेतो.

वाचकांसाठी एक खुलासा: गेल्या सोमवारपासून आबाजींना पडसं झालं आहे. तेव्हापासूनच्या नोंदी कच्च्या धराव्यात.