गेलेलं नाही हो!

न्यू जर्सीतल्या मराठी अंगणात कढीपत्ता आणि मिरच्या सगळ्यांकडेच असतात. मला असं काही हवं होतं, की पाहुण्यानं सहज विचारावं आणि मी आढेवेढे घेत अर्धा तास बोलावं. म्हणून बुटका डॉन रेडवुड लावला. सूचिपर्णी, तरी पानं गाळणारा. मूळ झाड शंभर फुटांवर जातं. हे माझ्या गुडघ्याशी.

पंचाईत अशी, की आपलं येणंजाणं दिवाळी ते संक्रांत, आणि हे नेमकं तेव्हा विटकरी होऊन नागडं होतं. ‘‘गेलं वाटतं,’’ म्हणून पाहुणे हळहळतात.

मग मी सुरू होतो. याला गेलेलं ठरवणारे तुम्ही पहिले नव्हेत! 1941 साली जपानच्या शिगेरू मिकींनी या वंशाला नाव दिलं ते जीवाश्म पाहून. इकडे चीनमधल्या मोदाओशी गावात झाड जिवंत उभं, बुंध्याशी लहानसं देऊळसुद्धा! 1948 साली बिया बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये पोचल्या.

एव्हाना चहा गार झालेला असतो, पण मी चेटकिणीच्या खराट्यावर आल्याशिवाय सोडत नाही. उंच झाडाच्या एखाद्या कळीत काहीतरी बिनसतं आणि आखूड काड्यांचा दाट झुपका फुटतो, तो हा खराटा. त्याची काडी कलम केली की बुटकं झाड मिळतं. बुटक्या सूचिपर्णींच्या कितीतरी जाती अशाच आल्या. खराटा शेंड्याजवळ असला तर काही हौशी मंडळी चक्क बंदुकीनं फांदी उडवतात. चारचौघांत मान असलेली माणसं, खांद्याला बंदूक, नजर आभाळात, आणि शिकार कसली, तर खराट्याची! एवढं करून एखादी फांदी बुटकेपणा विसरून सरळ वर सुटते. ती छाटायची. मोठेपणाची हौस मला, कात्री त्याला.

बाबा साताऱ्याहून आले तेही जानेवारीतच. ‘‘फळ काय येतं?’’

‘‘खाण्यासारखं काही नाही.’’

ते गप्प झाले. पण रोज सकाळी कानटोपी घालून बाहेर जायचे, वाकून नखानं साल जराशी खरवडायचे आणि आत येऊन सांगायचे, ‘‘हिरवं आहे.’’ मी चिडायचो. तज्ज्ञ मी, आणि धीर मला देतात! पण बाकी सगळ्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला होता. वाकले ते एकटेच. जेवलास का, झोप लागते का, ही त्यांची फोनवरची चौकशीही त्याच नखानं चालते, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

एप्रिलमध्ये कोवळ्या पालवीचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

‘‘छान आहे. पण तेवढ्या जागेत शेवगा आला असता.’’