फुलं बायकांची, ठराव पुरुषांचे

प्रभू उठला आहे ही बातमी सर्वांत आधी बायकांना कळली. मग्दालेची मरीया तर चारही शुभवर्तमानांत आहे. लूक पुढचंही लपवत नाही: बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती नुसती बडबड वाटली. ईस्टरच्या उपासनेत हा उतारा आपण दरवर्षी वाचतो, 'आमेन' म्हणतो आणि मंडळीचा कारभार मात्र त्या प्रेषितांसारखाच चालवतो.

२०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला येतो. १९२२ साली याच तारखेला केडगावला पंडिता रमाबाई गेल्या. त्यामुळे त्या दिवशी रमाबाईंचं नाव बऱ्याच उपदेशांतून येईल. दुष्काळात वाचवलेल्या मुली, केडगावचं मुक्ती मिशन, साध्या मराठीतलं बायबल, १९८९ चं टपाल तिकीट, हे सगळं सांगितलं जाईल. एक गोष्ट मात्र बहुतेक पाळक गाळतील, म्हणून ती इथे लिहितो.

१८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात राहायला गेल्या. तिथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला: बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी भर सभेत 'सरस्वती' म्हटलं होतं, तिची पत जाईल याची काळजी हे करत होते! रमाबाईंनी पत्रातून सरळ उत्तर दिलं. माझ्या आईने तरुणांना शिकवलं तेव्हा वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवलं तेव्हा नवऱ्याची नव्हती. मग तुमची का, अशा अर्थाचं. आणि हेही बजावलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, दुसरं चढवून घेणार नाही.

हे लिहिणारी बाई नुकतीच ख्रिस्ती झालेली, नवरा वारलेला, कडेवर लेक मनोरमा, परका देश, आणि ज्यांच्याशी वाद त्यांच्याच आसऱ्याला. तरी ती दबली नाही. मला तिची श्रद्धा त्या पत्रांत सर्वांत स्वच्छ दिसते. ख्रिस्तावर तिचा विश्वास होता, म्हणूनच बिशपाला 'का' विचारताना तिची जीभ अडखळली नाही. १८९७ साली प्लेगच्या छावण्यांत बायकांचे जे हाल चालले होते त्यावर तिने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं होतं म्हणून तिने गय केली नाही.

आता केडगावचा छापखाना पाहा. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं ते खेड्यातल्या बाईला वाचता येईल असं बायबल करण्यासाठी. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका, मुली. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, उलटी अक्षरं सुलटी वाचायची, काना-मात्रेचा तुकडा जागच्या जागी बसवायचा, ओळ घट्ट आवळायची. मग मुद्रित काढायचं, चुका शोधायच्या, खिळा काढून दुसरा घालायचा. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत हे काम. यातल्या कितीतरी जणी दुष्काळाने घराबाहेर फेकलेल्या, अनेकींना मिशनमध्ये येईपर्यंत अक्षर ओळखीचं नव्हतं. ज्या हातांना गावाने भीकही नाकारली असती त्या हातांनी देवाचं वचन जुळवलं. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या.

त्याच रमाबाईंचा फोटो आपल्या पॅरिश हॉलमध्ये लावायचा आणि त्याच हॉलमध्ये बाईने हिशेब विचारला की 'बाई, ते कमिटी बघेल' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. शनिवारी चर्च झाडतात बायका. वेदीवरची फुलं त्यांची, संडे स्कूल त्यांचं, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायला त्याच पुढे. प्रभुभोजनाचे इवले इवले पेले गरम पाण्यातून काढून, फडक्याने एकेक पुसून, पालथे मांडून ठेवतात त्याही बायका. तो पेला पुढे करतो पुरुष. महिला मंडळ खाद्यमेळा भरवून पैसे उभे करतं आणि ते कशावर खर्च करायचे याचा ठराव पुरुष करतात. हे कुठल्या एका चर्चचं दुखणं नाही. घराघरांत बायकांना विचारा, प्रत्येकीकडे असा एक प्रसंग निघेल.

कॅथलिक चर्चमध्ये बाईला धर्मगुरू होता येत नाही. तिथेही २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी मग्दालेच्या मरीयेचा २२ जुलैचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. चर्च ऑफ साऊथ इंडियाने २०१३ साली नंद्याळला ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाईने पाळक व्हायला नियमांची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सवयीची, आणि 'आपल्याकडे अजून लोक तयार नाहीत' या वाक्याची. कोण लोक? उपासनेला बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बायकाच दिसतात. त्यांना कुणी विचारलंय का?

बाईने मंडळीत गप्प राहावं असं सांगणारी पौलाच्या पत्रांतली ती दोन-तीन वचनं माझ्यापुढे टाकली जातील, हे ठाऊक आहे. मी रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय उघडून ठेवतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, आपल्या नवऱ्यासह पौलाची सहकारी असलेली प्रिस्किला, प्रभूत कष्ट करणाऱ्या त्रुफैना आणि त्रुफोसा. पौल एकेकीचं नाव घेतो. आपल्या वार्षिक अहवालात मात्र 'महिला मंडळाने सहकार्य केले' एवढीच ओळ असते. नाव एकीचंही नाही.

ईस्टरनंतर आमच्या मंडळीची वार्षिक सभा आहे. खजिनदाराची जागा रिकामी आहे. खाद्यमेळ्याचा पै-पैचा हिशेब जी बाई वर्षानुवर्षं चोख ठेवते तिचं नाव मी सुचवणार आहे, तिची संमती घेऊन. अनुमोदन देणारा हवा आहे.