एआय घेतलंत का हो?

अगं बाई! तुमच्या कंपनीत अजून एआय नाही? हळू बोला, कुणी ऐकेल! भोसरीच्या एमआयडीसीत हल्ली नटबोल्ट बनवणाऱ्यालाही हेच विचारतात आणि तोही बिचारा ओशाळून "चाललंय, चाललंय" म्हणतो. कशाला हवंय, हे विचारायची मात्र सोय नाही.

सल्लागारांना तर ऊत आलाय. परवापर्यंत अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकणारे रातोरात एआयचे जाणकार झाले. सल्ला म्हणे मोफत! लॅपटॉप उघडून सोबत आणलेल्या गुळगुळीत फायलींवर डेमो दाखवतात. आपलं कोटेशन पुढे केलं, पेनाने दर खोडलेलं, समासात "शेठशी बोलून" लिहिलेलं, की लगेच "हे आपण फेज टूमध्ये घेऊ". त्या मोफत सल्ल्याचे पैसे लायसन्सच्या बिलातून दरमहा वसूल होतात, हे कुठल्याच स्लाइडवर नसतं बरं का.

आणि थोरामोठ्यांच्या घरची लफडी तर विचारूच नका. डेलॉइट या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल दिला. त्यात अस्तित्वातच नसलेल्या संशोधनाचे दाखले! २०२५ मध्ये बोभाटा झाला, तेव्हा एआय वापरल्याची कबुली आली आणि शेवटचा हप्ता परत करायची पाळी. जगाला शहाणपण विकणारी मंडळी ही!

एअर कॅनडाचं त्याहून खमंग. आजी वारली म्हणून निघालेल्या प्रवाशाला चॅटबॉटने सांगितलं, आधी तिकीट काढा, सवलत मागाहून मागा. नियम नेमका उलटा. भांडण न्यायाधिकरणापुढे गेलं, तर कंपनीने काय म्हणावं? चॅटबॉटच्या बोलण्याला चॅटबॉटच जबाबदार! २०२४ मध्ये निकाल लागला आणि निमूटपणे ८१२ कॅनेडियन डॉलर मोजायची वेळ आली.

आता हे ऐका. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने कुणाचंच कमिशन न घेणारा सल्लागार गाठला, फी मोजून. तो गृहस्थ स्टोअरमध्ये बसून रजिस्टरं चाळत राहिला. विचारलं काय, तर एआय चुकलं तर गिऱ्हाइकाला तोंड कोण देणार? ड्रॉइंग कुणाच्या सर्व्हरवर जाणार? नको झालं तर करारातून सुटायचं कसं? शेवटी म्हणाला, एकाच मालाची रजिस्टरात तीन नावं आहेत, ती आधी एक करा. एआयचं पुढच्या दिवाळीला बघू.

फी घेऊन "घेऊ नका" सांगतो! अशा माणसाचा धंदा चालायचा कसा, तुम्हीच सांगा.