वायर आणि वारा

लॅपटॉपचं वय झालं की त्याला वायरीची ओढ लागते. नव्या लॅपटॉपला ती लागत नाही, आणि लागली तरी खुपसायला भोक नसतं. पण जाडजूड, बिजागरीतून कुरकुरणारा, चार्जर काढला की मान टाकणारा लॅपटॉप अजून पुष्कळ घरांत चालू आहे. चालू वस्तू टाकून द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. अशा घरांत रोजचा प्रश्न असतो: आज इंटरनेटची वायर लावायची, की वायफायवर भागवायचं?

माझं मत वायरीच्या बाजूचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. इतरांचं मत मात्र काम पडल्यावर आपोआप बदलतं. पाय पसरून बातम्या चाळायच्या असतील तर वायफाय उत्तम. पण तत्काळचं तिकीट काढायचं असलं, फॉर्मची शेवटची तारीख असली, पोरीची ऑनलाइन मुलाखत असली, की वर्षभर वायफायचे गोडवे गाणारी माणसं दहाला पाच कमी असताना ओरडतात, "अरे, वायर लाव आधी!" आणि पलंगाखाली शिरतात.

वायर सापडते. तिच्या टोकाची खिटी मोडलेली असते. हे टोक एकदा उजेडात धरून बघण्यासारखं आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचं बोटाच्या पेराएवढं डोकं, आत ओळीने बसलेल्या आठ रंगीत तारा, दोन-दोनच्या जोडीने पीळ घातलेल्या, आणि पाठीवर ती लवचीक खिटी. खिटी शाबूत असेल तर 'टक्क' असा आवाज होतो आणि काम फत्ते झाल्याचं कानालाच कळतं. मोडली असेल तर डोकं आत जातं, पण राहत नाही. कुणी शेजारून चालत गेलं तरी सुटतं. मग जुन्या बिलाची घडी करून फटीत खोचायची आणि घरातल्या सगळ्यांना हिंडायची बंदी करायची. खरं तर नवं डोकं चिमट्याने दाबून बसवणं हे दुकानदाराचं पाच मिनिटांचं काम, पण घडी निघत असताना दुकानात कोण जातो?

वायर लागली की वायफाय जातं, असा पुष्कळांचा समज असतो. सहसा जात नाही. दोन्ही जोडलेलीच राहतात आणि राउटरच्या यादीत एकच लॅपटॉप दोन वेगळ्या पत्त्यांनी नांदू लागतो. कोणत्या वाटेने जायचं ते यंत्र एका आकड्यावरून ठरवतं. त्याला मेट्रिक म्हणतात, आणि ज्याचा आकडा कमी त्याची वाट आधी. लिनक्समध्ये हे काम सहसा नेटवर्कमॅनेजर बघतो. तो वायरीला १०० देतो आणि वायफायला ६००. एवढा उघड पक्षपात करून तो कुणाला सांगतही नाही. मात्र आधीच सुरू असलेला व्हिडिओ कॉल वायर लावल्याबरोबर तिच्यावर उडी मारत नाही. तो बहुतेक वेळा जुन्याच वाटेने रखडत राहतो. म्हणून वायर लावायची ती कॉलच्या आधी. मध्येच लावून "आता येतंय का बघा" विचारण्यात अर्थ नसतो.

ऑफिसातून घरी आलेल्या काही जुन्या लॅपटॉपांचा खाक्या आणखी निराळा. त्यांच्या बायोसमध्ये अशी सोय असते की वायर लागली रे लागली, वायफाय बंद. वायरीच्या पलीकडच्या टोकाला इंटरनेट आहे की नाही, याची चौकशी ते करत नाहीत. पलीकडे नुसता दिवा लागलेला डबा असला तरी त्यांना पुरतो. थिंकपॅडच्या काही जुन्या मॉडेलांना तर पुढच्या कडेला वायफायचं नखाएवढं सरकतं बटण होतं. मांडीवर घेताना ते सरकायचं, आणि मग राउटर बंद-चालू करणं, केबलवाल्याला फोन, पासवर्ड पुन्हा घालणं, सगळे सोपस्कार व्हायचे. बटण कुणाला आठवायचं नाही.

वायफायची बाजूही समजून घ्यायला हवी. जुन्या लॅपटॉपातल्या साध्या कार्डाला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच दिसतो. नव्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल शेजारी मोबाइलवर धावत असताना या बिचाऱ्याला त्याचं नावही दिसत नाही. त्यात मायक्रोवेव्हही २.४५च्या आसपास चालतो, म्हणजे स्वयंपाकघरात भाजी गरम होत असताना हॉलमधली मीटिंग गार पडू शकते. मधे लोखंडी कपाट असेल तर विचारूच नका. शिवाय हवा एकच आणि बोलणारे अनेक. म्हणून वायफायवर प्रत्येक उपकरण आधी कान देतं, कुणी बोलत नाही ना बघतं, थोडं थांबतं आणि मग बोलतं. सोसायटीच्या वार्षिक सभेकडूनही हीच अपेक्षा असते. वायरीवर मात्र ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी चालतं, मध्ये तिसरा कुणी नसतो.

गंमत म्हणजे थांबून बोलण्याची ही रीत मुळात वाऱ्यावरचीच. १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने बेटांवरची यंत्रं रेडिओने होनोलुलूच्या संगणकाला जोडली. निरोप पाठवायचा, दुसऱ्याच्या निरोपावर आदळला तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचा. या अलोहानेटचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत तीच कल्पना केबलमध्ये घातली आणि इथरनेट, म्हणजे आपल्या या वायरीचं तंत्र, जन्मलं. म्हणजे आधी वारा, मग वायर, आणि पुढे पुन्हा वारा. १९९९च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मंचावर स्टीव्ह जॉब्झ यांनी इंटरनेट चालू असलेल्या आयबुक लॅपटॉपभोवती मोठी रिंग फिरवून दाखवली, वायर कुठेही नाही हे पटवायला, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. २००८च्या मॅकबुक एअरमध्ये वायरीचं भोकच उरलं नाही. हवं असेल तर यूएसबीला जोडायचा तुकडा वेगळे पैसे देऊन घ्यायचा.

टाळ्या पिटताना एक गोष्ट सगळेच विसरतात. तुमच्या त्या बिनतारी राउटरच्या पाठीमागे हात घालून बघा. तिथून वायर निघते, ती खिडकीतून बाहेर जाते आणि पुढचा सगळा प्रवास वायरीनेच होतो. वाऱ्याचं काम काय ते राउटरपासून तुमच्या मांडीपर्यंत.

तेव्हा जुना लॅपटॉप ठेवलात तर वायरही ठेवा, खिटी शाबूत असलेली, आणि तीही जरा लांब घ्या. नियमाप्रमाणे ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. तेवढं लांब घर आपल्यापैकी कुणाचं नाही.